हळव्या पोटाचा सोबती

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या उलट्यांविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल आणि तो रास्तच आहे. कुत्र्याचे निदान व उपचार हे पशुवैद्याचे काम. एमबीबीएस पदवीने तो अधिकार मला दिलेला नाही आणि या लेखात मी तो घेणारही नाही. तथापि ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कौटुंबिक डॉक्टर म्हणून काम करताना एक चित्र वारंवार दिसते. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी जातात. घरात आजी-आजोबा उरतात आणि मुलांनी हौसेने आणलेला कुत्राही त्यांच्याजवळच राहतो. मग कधी रक्तदाब तपासून होतो, चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता आजी हळूच विचारतात, "डॉक्टर, आमचा मोती आठवड्यातून दोनदा ओकतो हो. माझी पित्ताची गोळी त्याला अर्धी दिली तर चालेल का?"

त्या अर्ध्या गोळीसाठी हा लेख आहे.

उलटी कोणती आणि कोणती नव्हे

कुत्रा अधूनमधून एखादी उलटी करतो. गवत खाऊन फेस काढतो, घाईने खाऊन अन्न बाहेर टाकतो आणि लगेच शेपटी हलवत फिरू लागतो. एवढ्याने घाबरू नये. मात्र आठवड्यामागून आठवडे उलट्या होत राहिल्या, वजन उतरू लागले किंवा उत्साह मावळला, तर "त्याचे पोटच नाजूक आहे" असे म्हणून गप्प बसू नये. नाजूक पोट हे आपण केलेले वर्णन आहे, निदान नव्हे.

प्रथम नीट पाहावे. खऱ्या उलटीपूर्वी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. मग पोटाचे स्नायू जोराने आखडतात आणि ओकारी येते. याउलट काही वेळा मान खाली जाते आणि फारसा जोर न लागता न पचलेले अन्न नळीच्या आकारात जसेच्या तसे बाहेर पडते. हे अन्न जठरापर्यंत पोहोचलेलेच नसते, ते अन्ननलिकेतून परत आलेले असते. त्या तक्रारीची कारणे निराळी आणि तपासण्याही निराळ्या. तिसरा प्रकार खोकल्याचा. वयस्क कुत्रा खोकतो, खाकरतो आणि शेवटी थोडा पांढरा फेस टाकतो. घरातील माणसे तिला उलटी म्हणतात. मूळ मात्र श्वासनलिकेत किंवा हृदयात असू शकते. म्हणून मोबाइलवर त्या प्रसंगाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. पशुवैद्याला दहा मिनिटांच्या वर्णनातून जे कळत नाही, ते त्यातून कळते.

आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे पहाटेची पिवळी उलटी. संध्याकाळी सातला जेवलेला कुत्रा पहाटे पाचला पिवळसर, फेसाळ पाणी ओकतो आणि नंतर नाश्ता आनंदाने खातो. रिकाम्या जठरात पित्त आल्याने असे होते. दिवसाचे तेच अन्न तीन-चार वेळा विभागून दिल्यास आणि झोपण्यापूर्वी त्यातलाच लहानसा घास दिल्यास अनेक कुत्र्यांचा हा त्रास थांबतो. तरीही तो सुरूच राहिला, तर तपासणी हवी.

पोट का बिघडते

कारणांची यादी लांब आहे. जंत, गोचिडांमुळे होणारे ताप, अन्नाची ॲलर्जी, आतड्याची दीर्घकाळची सूज, स्वादुपिंडाचा दाह, यकृताचे आणि उतारवयात मूत्रपिंडाचे विकार, अशी कितीतरी कारणे असू शकतात. ती शोधणे पशुवैद्याचे काम. परंतु पुष्कळ घरांत उलट्यांचा उगम त्याआधी, आपल्या जेवणाच्या टेबलापाशीच सापडतो.

आपल्याकडे कुत्र्याला खाऊ घालणे ही माया व्यक्त करण्याची रीत आहे. सकाळी आजोबांच्या चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी आजींच्या पानातली पोळी आणि आमटी, संध्याकाळी नातवाच्या हातची चकली, रात्री घरकामाच्या बाईंनी घातलेला रविवारचा रस्सा. प्रत्येकाला वाटते, आपण थोडेसेच दिले. कुत्र्याच्या पोटात मात्र ते सगळे एकत्र येते. चहातले कॅफीन त्याला सोसत नाही. मोठ्या वयाच्या अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही. तळलेले आणि तुपकट पदार्थ एकदम पोटात गेले, की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हा आजार वेदनादायक आहे आणि कधी जिवावर बेततो. दिवाळीचा फराळ आणि गणपतीतील मोदक यांचा मोह म्हणूनच आवरावा.

कांदा आणि लसूण तर आपल्या प्रत्येक भाजीत असतो. कच्चा, शिजवलेला किंवा वाळवलेला, कोणत्याही रूपात तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही गोड पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याच्या रक्तातील साखर तो झपाट्याने उतरवतो आणि यकृतालाही इजा करतो. मधुमेही व्यक्तीच्या घरात बिनसाखरेचे पदार्थ असतातच, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचून ते उंच कपाटात ठेवावेत.

घशाखाली गेलेल्या वस्तूंचाही विचार करावा. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात भाजलेल्या कणसाचा बुरखुंडा, एरवी शिजवलेल्या कोंबडीचे हाड, पायमोजा, चेंडूचा तुकडा. कोय आणि बुरखुंडा आतड्यात अडकून बसतात. काही वेळा ते जठरात राहून दिवसेंदिवस अधूनमधून उलट्या घडवतात आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

आपल्या गोळ्या आणि त्याचे जठर

आता त्या अर्ध्या गोळीकडे येऊ. पित्ताच्या आणि उलटी थांबवण्याच्या काही गोळ्या पशुवैद्यही कुत्र्यांना देतात, हे खरे आहे. परंतु ते वजन पाहून, कारण तपासून आणि आतड्यात अडथळा नाही याची खात्री करून देतात. आपण घरी उलटी दाबली, तर आत अडकलेली कोय तशीच राहते आणि लक्षण तेवढे झाकले जाते.

वेदनाशामके याहून धोकादायक आहेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. आपल्याला निरुपद्रवी वाटणारे पॅरासिटामॉलदेखील त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकते. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दयेपोटी आपली गोळी द्यावी आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला उलट्या सुरू व्हाव्यात, असे घडते.

हातून दिलेल्या गोळ्यांखेरीज नकळत पोटात गेलेल्याही असतात. वाकलेल्या बोटांतून गोळी निसटते, पलंगाखाली घरंगळते आणि ती कोणाला सापडते हे सांगायला नको. मधुमेहाच्या काही गोळ्या कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात, रक्तदाबाच्या गोळ्या त्याचा रक्तदाब. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची कॅप्सूल आज जवळपास प्रत्येक ज्येष्ठाच्या डब्यात असते. लहान चणीच्या कुत्र्याने ती गिळली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आजोबा गुडघ्याला वेदनाशामक मलम चोळून आरामखुर्चीत बसतात आणि पायाशी बसलेला कुत्रा तो गुडघा चाटतो. आपल्याला ते प्रेम वाटते, पण त्याच्या पोटात रोज थोडे डायक्लोफिनॅक जात असते. मलम लावल्यावर गुडघा कपड्याने झाकावा, हात धुवावेत आणि ट्यूब टोपण लावून ड्रॉवरमध्ये ठेवावी. गोळ्या टेबलापाशी बसून, ताटलीवर हात धरून घ्याव्यात. पडलेली गोळी सापडेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत सोडू नये.

दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही

उलटी वारंवार होत असेल, तर महागडे खाद्य बदलत बसण्यापूर्वी एक वही करावी. तीत तारीख, वेळ, शेवटचे खाणे कधी आणि कोणाच्या हातचे, बाहेर काय पडले, रंग कोणता, जोर लागला की सहज आले, शौच कसे होते, पाणी किती प्यायला, एवढ्याच नोंदी कराव्यात. पंधरा दिवसांची अशी वही घेऊन गेलेल्या घराचे निदान लवकर होते, असे पशुवैद्य मित्र नेहमी सांगतात. महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर वजन करून तेही लिहावे. ज्येष्ठांनी कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. मणक्याचे दुखणे ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

दुसरा नियम एका हाताचा. कुत्र्याला खाऊ घालणारी व्यक्ती एकच असावी, वेळा ठरलेल्या असाव्यात आणि माप एकाच वाटीचे असावे. घाईने खाणाऱ्या कुत्र्याचे अन्न मोठ्या ताटात पसरून द्यावे. खाद्य बदलायचे झाल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदलावे. पशुवैद्याने अन्नाच्या ॲलर्जीसाठी ठरावीक आहार सांगितला, तर तो साधारण आठ आठवडे, दुसरे काहीही न देता पाळावा लागतो. त्या काळात चहातले एक बिस्किटसुद्धा सगळी परीक्षा वाया घालवते. मधुमेहाचे पथ्य आठवड्यातून सहा दिवस पाळून सातव्या दिवशी आमरस घेणाऱ्यांना हे मी वेगळे समजावून सांगायला नको.

वहीत सापडलेले दुसरे दुखणे

वहीचे महत्त्व मला डोंबिवलीतील एका घराने पटवले. तेथील कुत्रीला काही महिने उलट्या होत होत्या. रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली, खाद्य तीन वेळा बदलून झाले. अखेर सूनबाईंनी वही सुरू केली आणि दोन आठवड्यांत दिसून आले, की उलट्या बहुतांशी सायंकाळी होतात आणि तेही आजोबा दुपारी एकटे जेवतात त्या दिवशी. त्याच सुमारास आजोबा माझ्याकडे अशक्तपणासाठी आले होते आणि त्यांचे वजन चार किलोंनी उतरलेले होते. दोन्ही धागे जुळायला मग वेळ लागला नाही. दातांची कवळी सैल झाली होती, हिरडी सोलली होती, भाकरी चावत नव्हती. सुनेला वाईट वाटू नये म्हणून पानातले अर्धे जेवण खुर्चीखाली जात होते, भाजीतल्या कांद्यासकट. कवळी नवी झाली, आजोबा जेवू लागले आणि कुत्रीचे पोट आपोआप शांत झाले.

काळजीवाहूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातील कुत्रा अचानक जाड होऊ लागला किंवा वरचेवर ओकू लागला, तर घरातील ज्येष्ठ माणूस नीट जेवतो आहे का, हेही पाहावे. विस्मरणाच्या सुरुवातीला काही जण कुत्र्याला सकाळचे जेवण दोनदा-तीनदा घालतात, कारण आधी घातल्याचे त्यांना आठवत नाही. काही जण नकोशी गोळी पोळीत गुंडाळून त्याच्यापुढे टाकतात. अशा वेळी रागावू नये. उलटी कुत्र्याला झालेली असली, तरी मदतीची गरज कदाचित दोघांना असते.

आणि ज्येष्ठांनीही कुत्र्याचे दुखणे लपवू नये. "मुलाला सांगितले तर तो म्हणेल, कुत्रा देऊन टाका," ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. मुलांनो, फोनवर ते वाक्य उच्चारण्यापूर्वी थांबा. तो कुत्रा आहे म्हणून वडील रोज दोनदा जिना उतरतात आणि दिवसभरात कोणाशी तरी बोलतात. त्यापेक्षा पशुवैद्याची वेळ तुम्ही ठरवा, गाडीची सोय करा आणि शेजारच्या एखाद्या तरुणाला सोबत पाठवा.

उलटी झाल्यावर घरी काय करावे

मोठ्या आणि एरवी निरोगी कुत्र्याला एक-दोन उलट्या झाल्या, पण तो चपळ असेल, तर काही तास अन्न देऊ नये. पाणी एकदम भांडेभर न देता थोडे थोडे द्यावे. ते टिकले, तर मऊ भात आणि त्यात कातडी काढलेल्या कोंबडीचे उकडलेले मांस लहान घासांत द्यावे. शाकाहारी घरात भातासोबत कमी स्निग्धांशाचे थोडे पनीर चालते. त्यात मीठ, हळद, आले-लसूण, फोडणी यांतले काहीही नको. दोन-तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणावे. हा दहीभात-पनीरभात कायमचा आहार मात्र करू नये, कारण तो कुत्र्यासाठी परिपूर्ण नसतो. पिल्ले, अगदी लहान चणीचे कुत्रे आणि मधुमेही कुत्रे यांना उपाशी ठेवू नये. त्यांना पशुवैद्याकडेच न्यावे.

विषारी काही खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो कधीही करू नये. रक्तातील मीठ वाढून कुत्रा त्यानेच दगावू शकतो.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये:

• पोट फुगले आहे, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही. मोठ्या, खोल छातीच्या जातींत जठराला पीळ पडल्याची ही खूण असते आणि यात तासांचा हिशेब असतो.
• उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसते, अथवा शौच डांबरासारखे काळे होते.
• उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, कुत्रा मलूल पडला आहे.
• हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसतात.
• लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलट्यांसोबत रक्ताचे जुलाब होतात. हा पार्वो विषाणूचा आजार असू शकतो.
• नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी फार पाणी पिते, खात नाही आणि ओकते. गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते.
• औषधाची गोळी, उंदराचे विष, कोय किंवा दोरा पोटात गेल्याची शंका आहे. गोळीचे पाकीट किंवा विषाचे वेष्टन सोबत न्यावे.

आपल्या भागात आता बहुतेक वस्त्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी परळचे १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटीट रुग्णालय हे जुने आधार आहेत. महालक्ष्मीला टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ पासून चालू आहे. पण डोंबिवली-कल्याणहून आजारी कुत्र्याला घेऊन रस्त्याने तेथे पोहोचायला दीड-दोन तास सहज लागतात. म्हणून जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, हे आजच विचारून त्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावावा. त्याखाली प्राणी नेण्यास तयार असलेल्या रिक्षावाल्याचा किंवा शेजाऱ्याचाही क्रमांक असावा.

आपलीही काळजी

उलटी पुसताना घसरून खुब्याचे हाड मोडले, तर दुखणे कुत्र्यापेक्षा मोठे होते. ओली फरशी दिसताच आधी दिवा लावावा, चप्पल घालावी, वर जुने वर्तमानपत्र टाकावे आणि शक्य तर दुसऱ्या कोणाला पुसू द्यावे. हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि स्टेरॉइडवर असलेले रुग्ण यांनी हे काम टाळावेच.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे भान ठेवावे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या आजाराने किती जणांना गाठले, हे आपण विसरलेलो नाही. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो. ताप, उलट्या, कावीळ, मूत्रपिंडाचा बिघाड ही त्याची लक्षणे. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो माणसाला लागू शकतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी आणि साचलेल्या पाण्यातून फिरवू नये. घरात कुत्रा आजारी असताना तुम्हाला ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आम्ही विचारू याची वाट पाहू नये.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत द्यायचे, तर पित्ताची गोळी अर्धीही देऊ नका; आज रात्री झोपण्यापूर्वी त्याच्याच खाद्यातला एक लहान घास द्या, उद्या वही आणा आणि परवा पशुवैद्याची वेळ घ्या. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तुमचे स्वतःचे वजनही लिहून ठेवा. पुढच्या भेटीत ते मी पाहीन.